मेथी, वय वर्षे पंचाहत्तर

प्रवासी: मेथी. वय: पंचाहत्तर. जागा: ड्रायव्हरशेजारी.

ही नोंद मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, असतील कुणी मेथीबाई, जुन्या काळी काहीही नावं ठेवायचे. तिच्याखाली पालक, वय सत्तर. त्याच्याखाली सांबार, वय ब्याऐंशी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा वृद्धाश्रम नव्हे, भाजीचा टेम्पो आहे. सांबार म्हणजे वऱ्हाडात कोथिंबीर, हे कळायला आणखी महिना गेला. तोवर मी समजत होते की पातेल्यातून हिंदकळत कुणाची तरी आमटी बाजाराला चालली आहे.

जरा मागून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. म्हणजे शंभर माणसं काम करतात ती यंत्रं चालू राहतील असं बघायचं. यंत्र चालू असलं की आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो, बंद पडलं की सगळ्यांना आमचा नंबर पाठ असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या लोकांनी ऑफिसला एकाच गाडीतून जावं म्हणून मी ‘सोबत’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कोण कुठल्या गाडीत, कुठल्या जागेवर, हे तो ठरवायचा. चेअरमनसाहेबांनी अट घातली की वय विचारायचंच आणि ज्येष्ठांना पुढची जागा द्यायचीच. शिवाय बी विंगमधले दोन गृहस्थ पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांच्यासाठी मी ‘अबोला’ अशी सोय केली. ज्यांचा अबोला, ते एका गाडीत नाहीत. एवढं करून सोसायटीत ‘सोबत’ जेमतेम एक पावसाळा टिकला. एसी किती ठेवायचा यावरून सगळीच गाडी फुटली.

पण प्रोग्राम मी इंटरनेटवर उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, मोडावा, जोडावा. अट एकच, केलेली सुधारणा दडवायची नाही. याला ओपन सोर्स म्हणतात. माझी आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. तर या भाकऱ्या पुण्यात कुणी खाल्ल्या नाहीत आणि तिकडे अमरावती-अकोल्याला भाजीवाल्या शेतकऱ्यांनी चाटूनपुसून संपवल्या. चारपाच घरांचा माल एका टेम्पोत भरायचा, कुणाचं काय कुठे ठेवायचं, हे ‘सोबत’ ठरवू लागला. मग तक्रारी यायला लागल्या. पिकलेली पपई पालकाशेजारी ठेवली की पालक पिवळा पडतो, म्हणून त्यांनी पपई आणि पालकाचा अबोला लावला होता. तो नीट चालत नव्हता, त्याबद्दल एक मेल आला: ‘पपई पालकाच्या मांडीवर काहून बसून राहिली?’

हे सगळं गोड होतं, पण रविवार माझे जात होते. त्यातच ‘सोबत’ ज्या पायावर उभा आहे त्याची जुनी आवृत्ती आता मोडीत निघणार, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असं जाहीर झालं. सगळं बाड उचलून नव्या आवृत्तीवर न्यायचं म्हणजे आणखी वर्षभराचे रविवार. मी हात टेकले. गुढीपाडव्याला ‘सोबत’ बंद करत आहे, असं लिहून टाकलं. उत्तरात अमरावतीच्या वैशालीचा मेल आला. ती आधीपासून तक्रारी लिहिणारी. ‘बंद करा. पण आधी येऊन पाहा, काय बंद करून राहिल्या ते.’

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बाईचं चूक नव्हतं. मी आजवर पुण्यात बसून उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या. शिवाय मला एक गोष्ट आधीच खटकली होती. पूर्वी वऱ्हाडात ‘सोबत’ची एकच प्रत होती, ती अकोल्याचा गजानन चालवायचा. मागच्या वर्षापासून दोन झाल्या, रस्त्याला फाटा फुटावा तशा. एक वैशालीची, एक गजाननची, आणि दोघांचं एकमेकांशी अवाक्षर नाही. वैशालीला प्रोग्राम लिहिता येतो आणि काय लिहायला हवं तेही कळतं, पण सर्व्हर म्हटलं की ती तोंड वाकडं करते. गजाननचं बरोबर उलटं. मी मनाशी ठरवलं, दोघं मिळून घेत असतील तर किल्ली त्यांच्या हातात देते. नाहीतर पाडव्याला कुलूप. एकट्याच्या अंगावर टाकून त्याचेही रविवार खाणं मला पटत नव्हतं.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि उन्हाने आपलं काम सुरू केलं होतं. वैशाली स्कूटी घेऊन आली होती. पस्तिशीची, चेहऱ्याला ओढणी, वर काळा चष्मा. तिने ओढणी सोडली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुमीच का त्या सोबतवाल्या?”

“हो.”

“फोटोत जाड दिसता.”

आता हे कौतुक होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुण्यात असं कुणी बोललं तर पुढच्या गणपतीपर्यंत धुसफूस चालते. इथे ती बोलून मोकळी झाली, माझी पिशवी पायाशी ठेवली आणि निघालीही. वाटेत थांबून तिने मला गिला वडा खायला घातला. आपला दहीवडा नाजूक असतो, प्लेटमध्ये दोन, वर कोथिंबिरीचं एक पान. हा गिला वडा दह्यात असा बुडालेला की शोधावा लागतो, आणि वरून जी तिखट पूड घालतात ती घातल्यावर दह्याला काही किंमत उरत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुकानदाराने न विचारता आणखी दही ओतलं.

मी विषय काढायला गेले. पुण्यात आमच्याकडे आधी विषय, मग चहा, तोही विषय लांबला तर. वैशालीने हात वर केला.

“खाऊन घ्या आधी. भुकेल्या मानसासंगं मी भांडत नाही.”

“आपण भांडणार आहोत का?”

“मंग काय, तुमी इतक्या दूर आरती कराले आल्या?”

मी खाली मान घालून वडा संपवला. तिने दुसरा मागवला आणि मग स्वतःच सांगितलं, “एक सांगून ठेवते. त्या अकोलेवाल्याचं नाव काढू नका. बाकी काय म्हनाचं ते म्हना.” आणि मी आले होते नेमकी त्याचंच नाव काढायला. म्हटलं, झालं.

तिवश्याच्या अलीकडे

वैशालीचं गाव नागपूर रस्त्यावर, तिवसा यायच्या आधी आत वळलं की. संध्याकाळी ओट्यावर बसवून तिने मला ज्वारीची भाकरी, भरीत आणि ठेचा वाढला. ठेच्याचं मी काही लिहीत नाही, गिल्या वड्याने मला शहाणं केलं होतं. जेवण झाल्यावर मी अकोल्याचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, “मेथीचं वय पंचाहत्तर कुणी ठरवलं?”

झालं, बांध फुटला. वयाची ही युक्ती वैशालीचीच होती. टेम्पो भरताना पालेभाजी वर आणि पुढे राहिली पाहिजे, जड माल खाली आणि मागे. ‘सोबत’ला भाजीतलं काही कळत नाही, पण ज्येष्ठांना तो पुढे बसवतो. म्हणून गटातली डझनभर घरं एकदा बसली आणि त्यांनी वयं ठरवून टाकली. सांबार ब्याऐंशी, मेथी पंचाहत्तर, पालक सत्तर. वांगी चाळिशीतली. कोहळं, म्हणजे आपला लाल भोपळा, अठरा वर्षांचा दांडगा गडी, त्याला कुठेही फेका. मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. सकाळी टेम्पोवाला विचारायचा, आज म्हाताऱ्या किती आहेत?

सर्व्हर तेव्हा अकोल्याला होता. गजानन हा वैशालीचा मावसभाऊ. त्याच्या सासरच्या गावचे भाजीवालेही त्याच ‘सोबत’वर. एके दिवशी गजानन जुनी माहिती नीटनेटकी करायला बसला. त्याला दिसलं, मेथी पंचाहत्तर वर्षांची. त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या भाज्यांची वयं खरी केली. तोडून एक दिवस झाला असेल तर वय एक.

“सकाळी टेम्पोवाल्या सलीमभाईनं यादी पाह्यली,” वैशाली सांगत होती. “मेथी, वय एक. लेकरू म्हणून मागं टाकली, अन वरून कोहळे. सलीमभाई यादीच्या बाहेर जात नाही. एकदा त्यानं मनानं माल भरला होता तं सगळ्याईनं त्याले शिव्या देल्ल्या, तवापासून तो यादी म्हनन तसं. बजारात ताडपत्री सोडली तं मेथीचं सारन झालेलं. पराठे लाटाचे बाकी होते.”

मला हसू आवरेना. तीही हसली, पण लगेच थांबली.

“नुकसान झालं त्याचं काही नाही, शेतीत होतेच. पन ताई, मी अन तो लहानपनी एका ताटात जेवलो. अन त्यानं मले न विचारता माह्या मेथीचं वय बदललं. एक फोन नाही केला. अन नंतर म्हनते कसा, मी तं बरोबर केलं.” तिने भाकरीची टोपली झाकली. “तवा मी माही प्रत येगळी केली. नाही बोलत त्याच्यासंगं.”

मला तिचं वाईट वाटलं आणि स्वतःचंही वाटलं. कारण बाईंचा राग पाडव्यापर्यंत उतरेल असं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिच्या फाट्याची अवस्थाही दिसली. वैशालीचा ‘सोबत’ तिच्या लॅपटॉपवर चालतो. लॅपटॉप ओट्यावर, टेम्पो दारात, यादी अर्धी झाली आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच देवाघरी गेली होती. पडदा काळा झाला. सलीमभाई टेम्पोवाले, पन्नाशीचे, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, हातातली पेंढी तशीच धरून उभे राहिले.

“पपई कुठं ठेवू मॅडम?”

“पालकापासून लांब,” मी म्हटलं.

“ते तं झालं. झेंडू कोनासंगं बोलत नाही आज?”

ते मला ठाऊक नव्हतं. वैशाली फोनवर घरोघरी ओरडून विचारत होती. मदत करावी म्हणून मी शेताच्या बांधावरून मेथीची एक पेंढी उचलून आणायला निघाले. रात्री पाणी दिलेलं वावर, काळी माती. दोन पावलं टाकली आणि चपला तिथेच राहिल्या. मी पुढे, चपला मागे. तिसऱ्या पावलाला मीही बसले. त्या मातीचा गुण असा की ती तुम्हाला पडू देत नाही, नुसतं सावकाश बसवते. मेथी मात्र मी डोक्यावर धरली होती.

“वा,” सलीमभाई म्हणाले. “म्हातारीले सांभाळलं तुमी.”

मला उठवून त्यांनी चपला खणून काढल्या. माल कसाबसा भरून झाल्यावर ते मला समजावत होते, की इथून पुढे गेलं की कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर, पाहून जा. “तिचं लगन घरच्याईनं एकाकडं ठरवलं होतं मॅडम, अन ती बसली दुसऱ्याच्या रथात. आमच्याकडं यादीच्या बाहेर जाऊन गाडीत बसनारी ती पहिली.” मी म्हटलं, आधी मला अकोल्याला जाणारी गाडी हवी आहे. ते म्हणाले, उद्या संत्री अन पपई घेऊन अकोल्याला चाललोच आहे.

मी वैशालीकडे पाहिलं. तिने ओढणी झटकली. “माल मोठा हाये. मीबी येते म्हटलं होतं सलीमभाईले. भेटाले नाही, माल उतरवाले.” मी मान डोलावली, हो. एवढं शहाणपण मला पुण्याने शिकवलंय.

अकोला

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा वैशालीचं बोलणं आटलं. मी मधे, ती खिडकीशी, मागे संत्र्यांचा वास. अकोल्यात माल उतरल्यावर ती म्हणाली, “मी टेम्पोत बसते.” सलीमभाईंनी चावी खिशात घातली आणि मला चहा प्यायचाय, गाडी बंद करून कुलूप लावतो, असं सांगितलं. उन्हात उभं राहण्यापेक्षा ती माझ्यामागून जिना चढली.

गजानन एका शिकवणी वर्गाचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथल्याच माडीवरच्या खोलीत त्याचा सर्व्हर. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. दार उघडून त्याने मला नमस्कार केला, मागे वैशाली दिसल्यावर नमस्काराचे हात तसेच राहिले.

“या जी. बसा.” हे माझ्याकडे बघून.

खोलीत एक भलाथोरला कूलर होता. मी सुखावून त्याच्यासमोर बसायला गेले तर गजाननने मला हाताने बाजूला केलं. कूलरचं तोंड सर्व्हरकडे होतं. अकोल्याचं ऊन बघता कुठल्याही यंत्राला हवा लागणारच, पण ओल्या गवतातून हवा येणाऱ्या कूलरसमोर कॉम्प्युटर म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडायच्या आत तो म्हणाला, “पाणी नाही टाकलं मॅडम, गवतबी काढलं. नुसता पंखा हाये.” म्हणजे सर्व्हरला वारा आणि पाहुण्यांना घाम. आमच्या कंपनीतही हेच धोरण आहे, फक्त तिथे ते इंग्रजीत लिहिलेलं असतं.

त्याने मुरमुऱ्यात कच्चं तेल, कांदा, तिखट घालून कच्चा चिवडा कालवला, तिघांच्या मधे परात ठेवली. तिघांनी त्यातून खाल्लं. बोलणं मात्र माझ्यामार्फत.

“मॅडम, त्याईले म्हना, मी डेटा साफ करून राहिलो होतो. पंचाहत्तर वर्षाची मेथी पाह्यली तं कोन्या पोट्ट्यानं मस्करी केली वाटलं.”

“ताई, त्याईले म्हना, इचाराले फोन होता ना घरात.”

“त्याईले म्हना, एक ओळ लिहिली असती बाजूले, का बाप्पा हे मुद्दाम हाये, तं मी हात लावला असता का?”

“त्याईले म्हना, सगळ्या गावाले माहीत होतं. एकट्या याईले नव्हतं.”

दोघंही माझ्यापासून हातभर अंतरावर. एकच परात, एकाच आजीची नातवंडं, आणि मी मधे पोस्टमन. सर्व्हरला वारा लागत होता. मला लागत नव्हता. मी दोघांना स्पष्ट सांगितलं, की पाडव्याला बंद म्हणजे बंद. अमरावतीचा लॅपटॉप लाइट गेली की मरतो, अकोल्याच्या प्रतीत वर्षभर एकही सुधारणा नाही, आणि दोन्हींच्या खालचा पाया जाणार. तुम्ही एकत्र आलात तर मी किल्ली देते, नाहीतर तुमची भाजी पुन्हा फोनवर ओरडून भरा. दोघांनीही चिवडा चघळला. कुणी हो म्हणेना.

तेव्हा माझी सहनशक्ती संपली. भांडणाचं मूळ ते वयच ना? मग ते वयच काढून टाकू. मी लॅपटॉप उघडला आणि तिथेच बसून काम केलं. वयाचा रकाना काढला. त्याजागी नवा घातला, ‘नाजूकपणा’, एक ते पाच. मेथी पाच, कोहळं एक. खोटं वय नको, कुणाचा गैरसमज नको. इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. अभिमानाने मी पडदा दोघांकडे वळवला.

दोघं पुढे वाकले.

“नाजूक?” गजानन म्हणाला.

“नाजूक,” वैशाली म्हणाली. “म्हनजे पाच?”

“हो. जितकं नाजूक तितका मोठा आकडा. सोपं आहे.”

“सोपं कशाचं ताई,” वैशालीने परात बाजूला सारली. “आमच्याकडं प्रत्येकाचा माल पाच. वांगंवाला म्हनन माहं वांगं पाच. कोहळंवाला म्हनन माहं कोहळं तुमी पाहिलं नाही, लय नाजूक. रोज सकाळी भांडन. वयाचं तसं नाही. वय एकदा बैठकीत ठरलं, संपलं. थोराले जागा द्याची म्हटलं तं कोनी काही म्हनत नाही.”

“अन सलीमभाईचं काय?” गजानन मला विचारत होता, पण डोळे तिच्याकडे. “त्याईले म्हटलं नाजूक माल सांभाळा, तं म्हनतीन माहा काय दवाखाना हाये? म्हातारी समोर बसवा म्हटलं की गुपचूप बसवते.”

“अन हे पाच आकडे कोन भरन रोज?”

“तेच तं. वय एकदा भरलं की भरलं.”

“पण हे तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे,” मी म्हटलं. “वय म्हणजे वय. मेथीला वय कसं असेल?”

“असू द्या ना,” दोघं एकदमच म्हणाले.

आणि मग गजाननने खुर्ची ओढली, माझा लॅपटॉप स्वतःकडे घेतला आणि सगळं परत होतं तसं करता करता मान न वळवता विचारलं, “वैशू, सांबार ब्याऐंशीच ठेवाचं ना?”

वैशाली पडद्याकडे सरकली. मला वाटलं आता म्हणेल, ताई, त्याईले म्हना. ती म्हणाली, “ब्याऐंशी. अन फुलकोबी पासष्ट कर. कालपासून काळी पडून राहिली.”

“पासष्ट. मेथी?”

“पंचाहत्तर.”

“बाजूले लिहू का काही?”

“लिही. मेथी पंचाहत्तर वर्षांची हाये. दुरुस्त करू नये.”

त्याने लिहिलं. बोटं थांबवली. “त्या दिवशी मी फोन कराले पाहिजे होता.”

“पाहिजे होता,” वैशाली म्हणाली. डोळ्याच्या कडेला तिने ओढणी लावली, तिखट गेलं म्हणाली. कच्च्या चिवड्यात तिखट होतंच. मला मात्र तिखट लागलेलं नसताना डोळे भरून आले. माझा बदल या दोघांनी माझ्यासमोर केराच्या टोपलीत टाकला होता आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढचे दोन तास मी भिंतीला टेकून बसले होते आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. नवी आवृत्ती वैशालीने थोडीथोडी लिहायची, गजाननने ती आधी अकोल्यावर लावायची, तिवश्याकडच्या गटाने ती आठवडाभर चालवून बघायची, मग वैशालीची प्रत तिच्यात मिसळायची. लाइट गेली तरी यादी सलीमभाईंच्या फोनवर राहील असं वैशाली लिहिणार, सर्व्हरचं गजानन बघणार. मी किल्ली दिली. म्हणजे ‘सोबत’वर मालक म्हणून त्या दोघांची नावं चढवली, तिसरं माझं होतंच.

“ताई, तुमचं नाव ठेवाचं का?” वैशालीने विचारलं.

मला वाटलं होतं, नको हो, असं मी म्हणायच्या आत ते आग्रह करतील. गजाननने तर हिशेबच सांगितला. “ठेवलं तं मानसं तुमालेच फोन करतीन. मंग तुमी त्रासून पुन्हा बंद करून राहिली म्हनसान.”

खरं होतं. मी माझं नाव माझ्या हाताने काढलं. जेवल्याशिवाय दोघांनी सोडलं नाही. खाली सलीमभाईंनी रिकाम्या टेम्पोची कुलपं उघडली आणि वैशाली खिडकीतून वर ओरडून गजाननला काहीतरी सांगत राहिली, वळणापर्यंत.

पुणे

आता पाडवा होऊन गेला आहे आणि ‘सोबत’ चालू आहे. वऱ्हाडात जायचं असेल तर गिला वडा एकच मागवा, ओल्या वावरात चपला हातात घ्या, आणि तोंडावर कुणी काही बोललं तर पुढच्या वाक्यापर्यंत थांबा, तिथे बहुतेक जेवायला बोलावलेलं असतं.

परवा रविवारी सवयीने मी ‘सोबत’ उघडला. त्यांनी वरची पट्टी लालभडक केली होती. म्हटलं, जरा सौम्य करावी, डोळ्यांना बरं. रंग बदलला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: ‘हा बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही. वैशाली व गजानन, दोघांना विचारावे.’

मी लिहिलेला प्रोग्राम, आणि मलाच परवानगी नाही. आधी रागच आला. मग म्हटलं, बरं बाई, विचारते. वैशालीला फोन लावला, तर तिचा फोन व्यस्त. म्हणून गजाननला लावला. त्याचाही व्यस्त. चहा करून आले, पुन्हा दोघांना लावून पाहिला. दोघांचेही फोन अजून व्यस्तच होते.

पट्टी लालच राहू दिली.